जेम्स प्रिन्सेप : चांदीचा कस पाहणाऱ्या माणसाने वाचलेली धम्मलिपी

सम्राट अशोकांचे चक्र आज राष्ट्रध्वजावर आहे आणि आपल्या विहारांतही आहे. पण दोनशे वर्षांपूर्वी दिल्ली आणि अलाहाबादच्या स्तंभांवरील अक्षरे वाचू शकणारा एकही माणूस या देशात उरला नव्हता. ती अक्षरे पुन्हा वाचणारे जेम्स प्रिन्सेप हे मूळचे भाषापंडित नव्हते. ते टांकसाळीत चांदीचा कस पाहणारे धातुपरीक्षक होते. ही गोष्ट आपण नीट समजून घेतली पाहिजे, असे आम्हाला वाटते.

प्रिन्सेप यांचा जन्म 20 ऑगस्ट 1799 चा. त्यांना वास्तुशिल्पी व्हायचे होते, पण डोळ्यांच्या आजारामुळे तो मार्ग बंद झाला. मग ते रसायनशास्त्राकडे वळले, लंडनच्या टांकसाळीत धातूंची परीक्षा शिकले आणि 1819 साली विशीत कलकत्त्याला आले. पुढच्याच वर्षी त्यांची बनारसच्या टांकसाळीत नेमणूक झाली. तिथे त्यांनी दहा वर्षे काढली. ज्या कर्मनाशा नदीच्या पाण्याचा स्पर्श झाला तरी पुण्य जाते अशी समजूत होती, तिच्यावर त्यांनी दगडी पूल बांधला.

धातुपरीक्षकाचे काम कसे चाले ते पाहू. चांदीचा छोटा तुकडा आधी अचूक तोलायचा. तो शिशासोबत हाडांच्या राखेच्या मुशीत तापवायचा. शिसे आणि हिणकस धातू त्या राखेत शोषले जातात आणि चांदीचा मणी शिल्लक राहतो. तो पुन्हा तोलायचा. दोन वजनांतला फरक म्हणजे नाण्यातली भेसळ. या कामासाठी प्रिन्सेप यांनी ग्रेनच्या तीन हजाराव्या भागापर्यंत फरक दाखवणारा तराजू तयार केला. भट्टीची उष्णता मोजण्यासाठी सोने, चांदी आणि प्लॅटिनम यांचे ठरावीक प्रमाणातले मिश्रधातू वापरण्याची पद्धत बसवली. कोणते मिश्रण वितळले, यावरून तापमान कळे. 1828 साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

1830 नंतर ते कलकत्त्याच्या टांकसाळीत आले आणि एशियाटिक सोसायटीचे सचिव व तिच्या जर्नलचे संपादकही झाले. देशभरातून त्यांच्याकडे नाणी आणि लेखांचे ठसे येऊ लागले. पंजाबातील माणिक्याला स्तूपात सापडलेल्या नाण्यांचा आणि अवशेषांचा अभ्यास त्यांनी 1834 मध्ये प्रसिद्ध केला. पाहा, मोजा, तुलना करा आणि मगच बोला, ही टांकसाळीची शिस्त त्यांनी लिपीलाही लावली. स्तंभांवरील प्रत्येक अक्षर आणि त्याला जोडलेल्या स्वरचिन्हांचे तक्ते केले. त्याच सुमारास महाराष्ट्रात जॉन स्टीव्हन्सन कार्ले लेण्यांतील अक्षरे ओळखण्याचा प्रयत्न करत होते. ग्रीक आणि भारतीय अशा दोन लिप्यांतील नाण्यांवरून ख्रिश्चन लासेन यांनी काही अक्षरे लावली होती.

1837 साली सांचीच्या कठड्यांवरील छोट्या लेखांचे ठसे प्रिन्सेप यांच्यापुढे आले. जवळजवळ प्रत्येक लेखाच्या शेवटी तीच दोन अक्षरे होती. त्यांनी विचार केला, इतके छोटे आणि इतके सारे लेख राजाज्ञा असू शकत नाहीत. स्तूपासाठी दान देणाऱ्यांचीच ही नावे असणार. मग शेवटचा शब्द ‘दानं’. द आणि न हाती लागले, त्यांच्या आधी येणारा षष्ठीचा ‘स’ही सापडला आणि थोड्याच काळात संपूर्ण धम्मलिपी उलगडली. या लिपीची किल्ली सम्राटाच्या आज्ञेत नव्हती. ती भिक्खू-भिक्खुनींच्या आणि सामान्य उपासक-उपासिकांच्या दानलेखांत होती.

स्तंभांवर ‘देवानंपिय पियदसि’ असे नाव निघाले. हा राजा कोण? श्रीलंकेतील जॉर्ज टर्नर यांनी पाली ग्रंथांच्या आधारे तो अशोक असल्याचे दाखवले. 1838 मध्ये गिरनारच्या लेखात प्रिन्सेप यांना अंतियोक, मगस अशा ग्रीक राजांची नावे मिळाली. त्यामुळे अशोकांचा काळ इ.स.पू. तिसरे शतक हा भक्कम झाला.

हे काम एकट्याचे नव्हते. कमलाकांत आणि रत्नपाल यांच्यासारख्या पंडितांनी अर्थ लावायला मदत केली, पण त्यांची नावे फारशी कुणाला ठाऊक नाहीत. प्रिन्सेप कंपनी सरकारचे नोकर होते, हेही विसरता येत नाही. त्यांचे ऋण मानताना या दोन्ही गोष्टी आपण मोकळेपणाने सांगाव्यात. अतिश्रमाने मेंदूचा आजार होऊन ते 1838 च्या अखेरीस मायदेशी परतले आणि 22 एप्रिल 1840 रोजी वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी गेले. कलकत्त्यात हुगळीकाठी प्रिन्सेप घाट त्यांच्या नावाने उभा आहे.

मित्रांनो, हे चरित्र सांगण्यामागे कारण आहे. आज क्ष-किरणांच्या साहाय्याने नाण्यावर ओरखडाही न पाडता त्यातले धातू ओळखता येतात. कार्बन-14 ने कोळसा, लाकूड, हाड यांचे वय काढता येते. दगडाचे मात्र काढता येत नाही. म्हणून मूर्तीच्या आसपासच्या मातीचे थर आणि कोळशाचे कण हेच तिचे साक्षीदार असतात. श्रद्धेपोटी आपण मूर्ती तिथून हलवतो, घासून धुतो, ऑइलपेंट लावतो. दुसरीकडे कुणी शेंदूर फासतो. हेतू वेगळे असले तरी पुरावा दोन्हीकडे पुसला जातो. मग वाद झाला की आपल्या हातात फक्त घोषणा उरते.

म्हणून सापडलेली वस्तू जागच्या जागी राहू द्या. मोजपट्टी ठेवून फोटो काढा, तारीख आणि जागा लिहा. निखात निधीच्या 1878 च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि पोच घ्या. लेणी अभ्यासवर्गांत धम्मलिपीबरोबर ठसे घेण्याची आणि नोंदी ठेवण्याची शिस्तही शिकवा. आपल्या मुला-मुलींपैकी काहींनी रसायनशास्त्र आणि पुरातत्त्व घेऊन प्रयोगशाळेत बसले पाहिजे. स्वतः तपासल्याशिवाय स्वीकारू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितले. आपला वारसाही त्याच कसोटीला उतरवू या. तो खरा आहे, म्हणून तपासणीला भिण्याचे आपल्याला कारण नाही.