शाळेच्या रेडिओवर उलगडलेले गुपित

इंग्लंडमधील केटरिंग ग्रामर स्कूलमध्ये जेफ्री पेरी भौतिकशास्त्र शिकवत. जन्म १९२७चा. त्यांचे सहकारी, रसायनशास्त्राचे शिक्षक डेरेक स्लेटर, हे हौशी रेडिओचालक अर्थात ‘हॅम’ होते. १९६० साली या दोघांनी सोव्हिएत स्पुटनिक ४चे संकेत साध्या रिसीव्हरवर टिपले. उपग्रह जवळ येताना आणि दूर जाताना संकेताची कंप्रता बदलते. पुस्तकातील डॉप्लर परिणाम आता विद्यार्थ्यांना कानांनी ऐकता येऊ लागला.

पुढे विद्यार्थी रोजच्या नोंदी ठेवू लागले. संकेत केव्हा आला, पुन्हा किती वेळाने आला, यावरून उपग्रहाच्या प्रदक्षिणेचा काळ निघत असे. मार्च १९६६मध्ये सुटलेल्या कॉसमॉस ११२ची कक्षा मात्र बैकोनूर तळावरून जाणाऱ्या उपग्रहांच्या नेहमीच्या कक्षांशी जुळेना. ऑक्टोबरमध्ये कॉसमॉस १२९ सुटला. दोन्ही उपग्रहांचे मार्ग नकाशावर मागे नेले असता ते उत्तर रशियातील प्लेसेत्स्कजवळ एकमेकांना छेदत होते. शीतयुद्धाच्या त्या काळात सोव्हिएत संघाने दडवलेला प्रक्षेपणतळ असा एका शाळेने जगासमोर आणला. हेरगिरी न करता, केवळ आकाशातून सर्वांनाच मिळणारे संकेत चिकाटीने ऐकून आणि गणित मांडून!

सोव्हिएत सरकारने या तळाची जाहीर कबुली दिली ती १९८३मध्ये. तोवर पेरींना एमबीई हा ब्रिटिश सन्मान मिळून दशक उलटले होते. २००० साली त्यांचे निधन झाले. महागड्या प्रयोगशाळेवाचूनही विद्यार्थ्यांच्या हाती खरे संशोधन सोपवता येते, हा त्यांचा धडा आजच्या शाळांनाही तितकाच लागू आहे.