सोलापूरची राखीव जागा अन् बाबासाहेबांचे विधिमंडळातले दिवस

सोलापूर, भवानी पेठ : आज भवानी पेठेतल्या अठरा वर्षांवरच्या माणसाचं नाव यादीत असलं की मतदान केंद्रावर जायचं, बटण दाबायचं, झालं. विणकर असो की हमाल. 1937 साली असं नव्हतं. शेतसारा, कर किंवा शिक्षण यातलं काहीतरी दाखवल्याशिवाय मताचा हक्क मिळत नसे. गावकुसाबाहेरच्या माणसाकडं यातलं काय असणार? तरीही त्या निवडणुकीत सोलापूर जिल्ह्यातून जिवाप्पा ऐदाळे मुंबईच्या विधानसभेत गेले. ते ज्या स्वतंत्र मजूर पक्षाचे होते, तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 मध्ये काढलेला.

बाबासाहेबांचा जन्म 14 एप्रिल 1891 चा, महूचा. पुढं मुंबई, न्यूयॉर्क, लंडन हे शिक्षण सगळ्यांना पाठ आहे. त्यांचं आपल्या जिल्ह्याशी नातं मात्र कमी सांगितलं जातं. मे 1924 मध्ये बार्शीला बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद झाली, तिथं ते बोलले. तेव्हा महाडचा सत्याग्रह व्हायला अजून तीन वर्षं होती.

1927 पासून ते मुंबई कायदे कौन्सिलात बसू लागले. निवडून नव्हे, गव्हर्नरनं नेमलेले. पण सरकारनं नेमलं म्हणून सरकारची री ओढली असं झालं नाही. 19 मार्च 1928 ला त्यांनी महार वतनाचं विधेयक मांडलं. हे खेड्यातल्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. थोडीशी इनाम जमीन अन् बलुतं, त्याच्या बदल्यात रात्री-अपरात्री कुठल्याही सरकारी माणसाचा हुकूम. एकजण आजारी पडला तर घरातला दुसरा हजर पाहिजे. पगार नावालाच. 1874 च्या कायद्यानं हे बांधून ठेवलेलं. या कामाला बांधीव पगार द्या, नको असेल त्याला वतनातून मोकळं होऊ द्या अन् जमीन त्याच्याकडंच राहू द्या, अशी त्यांची मागणी. कौन्सिलात विधेयकाला धार राहिली नाही, शेवटी 1929 मध्ये त्यांनी ते मागं घेतलं. हार होती ती, दुसरं काय म्हणणार. त्याच काळात गिरणीतल्या बाळंतिणींना पगारी रजा देण्याच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला, अन् तो कायदा 1929 मध्ये झाला. सोलापूर गिरण्यांचं गाव, तेव्हा तो कायदा इथल्या बायाबापड्यांच्या कामाचाच होता.

पुणे करारानं 1932 मध्ये राखीव जागा ठरल्या. मुंबई विधानसभेच्या 175 पैकी 15 जागा अस्पृश्यांसाठी. आता गोम अशी की राखीव जागेवरही मत सगळ्यांचं. मग गावातला मोठा गट आपल्या मर्जीचाच माणूस निवडणार, ही भीती होती. मुंबई इलाख्यात त्यावर एक तोड होती. मतदारसंघात जितक्या जागा तितकी मतं प्रत्येकाला, अन् ती सगळी एकाच उमेदवाराला देता येत. त्यामुळं थोडे मतदारही एकजुटीनं आपला माणूस काढू शकत. 17 फेब्रुवारी 1937 ला मतदान झालं. स्वतंत्र मजूर पक्षानं 17 जण उभे केले होते, बहुतेक निवडून आले. स्वतः बाबासाहेब मुंबईतून.

त्याच वर्षी ते दक्षिण सोलापुरातल्या वळसंगला आले. सार्वजनिक पाणवठ्यावर मज्जाव असलेल्या लोकांनी स्वतःची विहीर पाडली होती, तिचं उद्घाटन त्यांच्या हातून झालं. ती विहीर आजही गावात आहे.

4 जानेवारी 1938 ला सोलापूर नगरपालिकेनं त्यांना मानपत्र दिलं. तिथं त्यांनी इथल्या डॉ. मुळे यांची आठवण काढली, दलितांच्या कामात त्यांची पूर्वी मदत झाली होती. त्याच महिन्यात मुंबईत हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. कोकणातली खोती बंद करा म्हणून त्यांनी विधेयक मांडलं होतं, त्यासाठीचा तो मोर्चा. सोलापूरकरांना जानेवारी दुसऱ्या कारणानंही ठाऊक आहे, आपल्या चार हुतात्म्यांना 12 जानेवारी 1931 ला फाशी झाली होती. खोतीचं विधेयकही त्यावेळी पास झालं नाही. त्याच साली कामगारांचा संपाचा हक्क आवळणारं विधेयक आलं, तेव्हा सभागृहात ते विरोधात बोललेच, शिवाय 7 नोव्हेंबरला संपात उतरले.

पुढं घटना लिहिली, कायदामंत्री झाले. पण 1952 च्या पहिल्या लोकसभेला मुंबईत काजरोळकरांनी त्यांना पाडलं. घटना लिहिणारा माणूस पडला, हे आजही पटत नाही. त्याच निवडणुकीत सोलापूरच्या राखीव जागेवर त्यांच्या शेड्युल्ड कास्ट फेडरेशनचे पां. ना. राजभोज निवडून आले. म्हणजे मुंबईनं नाकारलं ते सोलापूरनं दिलं. तेव्हा इथून दोन खासदार जायचे, दुसरे शेकापचे शंकरराव मोरे.

आज जिल्ह्यात विधानसभेच्या 11 जागा आहेत, त्यातल्या माळशिरस अन् मोहोळ या दोन अनुसूचित जातींसाठी राखीव. एकाला सगळी मतं द्यायची ती सोय आता नाही, एक माणूस, एक मत.

6 डिसेंबर 1956 ला दिल्लीत बाबासाहेबांचं निधन झालं. कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात 1958 चा. 1928 ला मांडलेल्या विधेयकानंतर तीस वर्षांनी, अन् ते गेल्यावर दोन वर्षांनी.