लोकमताचे उपासक स्वामी रामानंद तीर्थ

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई हे गाव फार प्राचीन आहे. आद्यकवी मुकुंदराज यांची समाधी या गावाजवळच आहे. दासोपंतांसारख्या संतकवीचे वास्तव्य येथेच झाले आणि योगेश्वरी देवीच्या दर्शनासाठी दूरदूरचे भाविक आजही येथे येतात. निजामाच्या राजवटीत या गावाचे सरकारी नाव मोमिनाबाद असे होते. १९३५ साली येथील योगेश्वरी नूतन विद्यालयाची धुरा एका नव्या शिक्षकाने हाती घेतली. ते संन्यासी होते. भगवी वस्त्रे धारण केलेला हा संन्यासी मठात न राहता मुलांना शिकवीत असे. ज्याने घरदार सोडले, त्याने शाळेचा व्याप का स्वीकारावा, असा प्रश्न तेव्हा अनेकांच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर या संन्याशाच्या पुढील आयुष्याने दिले. त्यांचे नाव स्वामी रामानंद तीर्थ.

स्वामीजींचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी या गावी झाला. त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. शालेय शिक्षणासाठी ते सोलापुरात राहिले. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक निवर्तले. ती वार्ता ऐकून सोळा वर्षांच्या या विद्यार्थ्याने आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याचा संकल्प केला. असहकाराच्या चळवळीत त्यांनी सरकारी शाळा सोडली आणि पुढील शिक्षण राष्ट्रीय संस्थांत घेतले. काही काळ त्यांनी कामगारांचे थोर पुढारी ना. म. जोशी यांच्यासमवेत काम केले. कष्टकऱ्यांची दैना त्यांनी तेथे जवळून पाहिली. त्यानंतर ते हैदराबाद संस्थानातील हिप्परगा या खेड्यातील राष्ट्रीय शाळेत शिक्षक म्हणून आले. १९३२ साली त्यांनी संन्यासदीक्षा घेतली. हिप्परग्याहून ते अंबाजोगाईस आले.

त्या काळचे हैदराबाद संस्थान कसे होते, हे जाणल्यावाचून स्वामीजींच्या कार्याचे मोल कळणार नाही. हिंदुस्थानातील संस्थानांत हे लोकसंख्येने सर्वांत मोठे होते. दीड कोटीहून अधिक लोक त्यात राहत. संस्थानाचे सोळा जिल्हे होते. त्यांतील आठ तेलुगू भाषेचे, तीन कानडी भाषेचे, तर औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी भाषेचे होते. परंतु राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि वरिष्ठ शिक्षणही मुख्यतः उर्दूतून मिळे. बरीचशी जमीन जागीरदारांच्या ताब्यात होती. कर किती बसवावा, शाळा कोठे काढावी, पैसा कशावर खर्चावा, यांपैकी कोणतीही गोष्ट रयतेला विचारून ठरत नसे. निजाम आणि त्यांचे मंत्री जे ठरवीत, ते रयतेने निमूटपणे मान्य करावयाचे. एवढेच नव्हे, तर सभा भरवावयाची झाली तरी सरकारची परवानगी लागे. गश्ती निशाण त्रेपन्न या नावाने ओळखला जाणारा सरकारी हुकूम लोकांच्या तोंडाला कुलूप घालणारा होता.

या व्यवस्थेचे समर्थन करणारे लोकही होते. राज्यकारभार हे जाणत्यांचे काम आहे, ज्याला अक्षरओळख नाही त्याला राज्याचे हिताहित काय कळणार, असा त्यांचा युक्तिवाद असे. लोक निरक्षर होते, ही गोष्ट खोटी नव्हती. स्वामीजी ती नाकारीत नसत. मात्र तिच्यापासून त्यांनी निराळाच निष्कर्ष काढला. लोक अजाण असतील तर त्यांना जाणते करावे, पण अजाण म्हणून त्यांचा अधिकार हिरावून घेऊ नये, अशी त्यांची श्रद्धा होती. शिवाय लोकांना शिकू द्यावयाचे नाही आणि मग शिकलेले नाहीत म्हणून विचारावयाचे नाही, हा न्याय कोणता? म्हणूनच या संन्याशाला शाळा हेच तपोवन वाटले. अंबाजोगाईच्या शाळेतून विद्येबरोबर स्वाभिमानाचेही शिक्षण मिळू लागले. येथे घडलेले अनेक तरुण पुढे मुक्तिलढ्यात उतरले.

१९३७ साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. मराठी भागातील कार्यकर्ते तेथे प्रथमच एका मंडपाखाली आले. शिक्षण मातृभाषेतून मिळावे, लोकांना सभा भरविण्याचे स्वातंत्र्य असावे, अशा साध्या मागण्यांपासून या जागृतीला आरंभ झाला. स्वामीजी या कार्यात अग्रभागी आले. तीनही भाषांच्या लोकांची मिळून एक संघटना असावी, या विचाराने १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसची उभारणी सुरू झाली. तिची मागणी एकच होती. ती म्हणजे जबाबदार राज्यपद्धती; अर्थात मंत्र्यांनी राजाला नव्हे, तर लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधींना उत्तरदायी असावे. संघटना पुरती उभी राहण्यापूर्वीच सरकारने तिच्यावर बंदी घातली. तेव्हा शाळेचा निरोप घेऊन स्वामीजी सत्याग्रहात उतरले आणि ऑक्टोबर १९३८ मध्ये तुरुंगात गेले.

संघटनेचे काँग्रेस हे नाव सरकारला खटकत होते. पुढे तडजोडीसाठी नाव बदलण्याचीही तयारी दाखविण्यात आली. तरीही सरकार राजी झाले नाही. त्यावरून सरकारला भय नावाचे नसून मागणीचे आहे, हे सर्वांना कळून चुकले. १९४० व १९४२ साली स्वामीजींना पुन्हा तुरुंगवास घडला. दरम्यान सरकारने काही सुधारणा जाहीर केल्या होत्या. त्यांनुसार एक विधिमंडळ स्थापन व्हावयाचे होते. परंतु त्यात सर्व प्रौढांना मताधिकार नव्हता. प्रतिनिधी निरनिराळ्या व्यवसायांच्या गटांतून यावयाचे होते आणि अखेरचा शब्द निजामाचाच राहावयाचा होता. १९४६ साली बंदी उठल्यावर स्टेट काँग्रेसने या निवडणुकांवर बहिष्कार घातला. लोकांना विचारल्याचा देखावा आणि लोकांना खरोखर विचारणे, यांतील अंतर स्वामीजींनी नेमके ओळखले होते.

१९४७ साली इंग्रज जाणार हे निश्चित झाले. निजामाने जूनमध्ये फर्मान काढून आपण स्वतंत्र राहणार असल्याचे जाहीर केले. एवढ्या मोठ्या निर्णयातही प्रजेला कोणी विचारले नाही. त्याच महिन्यात हैदराबादजवळ मुशीराबाद येथे स्टेट काँग्रेसचे अधिवेशन झाले. स्वामीजी अध्यक्षस्थानी होते. संस्थान भारतात विलीन करावे आणि सत्ता लोकांच्या हाती द्यावी, ही मागणी तेथे निःसंदिग्धपणे मांडण्यात आली. १५ ऑगस्ट १९४७ रोजी भारत स्वतंत्र झाला आणि त्याच दिवशी स्वामीजींना अटक झाली. मधले काही आठवडे वगळता ते पुढील वर्षभर बंदिवासातच होते. बाहेर रझाकारांनी अत्याचारांचा कहर केला. कार्यकर्ते सरहद्दीवरील शिबिरांतून लढले, खेड्यांतील स्त्रीपुरुषांनी त्यांना अन्न आणि आसरा दिला.

हा लढा एका धर्माचा दुसऱ्या धर्माशी नव्हता, हे विसरता कामा नये. शोएबुल्ला खान हे तरुण मुसलमान संपादक आपल्या उर्दू पत्रातून विलीनीकरणाचा पुरस्कार करीत. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची निर्घृण हत्या झाली. आपले मत मांडल्याची किंमत त्यांनी प्राणांनी चुकविली. अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. स्वामीजी मुक्त झाले.

मुक्तीच्या आनंदाला एक काळी किनारही होती. सूडाच्या भरात अनेक ठिकाणी निरपराध मुसलमान कुटुंबांवर अत्याचार झाले. खवळलेल्या जमावाने केलेले कृत्य आणि विचारपूर्वक बनलेले लोकमत या दोन गोष्टी भिन्न आहेत, हा धडा त्या दिवसांनी दिला. जमाव क्षणात जमतो आणि कोणाचे ऐकून घेत नाही. लोकमत मात्र सावकाश घडते. त्यासाठी दुसऱ्याची बाजू ऐकावी लागते आणि निर्णयाचे परिणामही स्वतःच सोसावे लागतात.

आता राज्य आपल्याच माणसांचे होते. तथापि प्रथम लष्करी अंमल, नंतर नेमलेले मंत्रिमंडळ, अशी तीनचार वर्षे गेली. १९४९ साली जागीरदारी नष्ट झाली आणि १९५० साली कुळांना संरक्षण देणारा कायदा आला. मग १९५२ साली निवडणूक झाली. बीडच्या शेतकऱ्याने, मजुराने आणि त्यांच्या घरच्या स्त्रियांनी प्रथमच प्रौढ मताधिकाराने मत दिले. गंमत अशी, की लोकसभेसाठी बीडकरांनी काँग्रेसचा उमेदवार न निवडता पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे रामचंद्र गोविंद परांजपे यांना निवडले. ज्या अधिकारासाठी स्वामीजींनी तुरुंगवास भोगला, तो अधिकार लोकांनी त्यांच्याच पक्षाविरुद्ध वापरला! पण अधिकार खरा असेल तर तो असाच असतो. स्वामीजी स्वतः गुलबर्ग्यातून लोकसभेवर निवडून आले. मंत्रिपद त्यांनी कधी स्वीकारले नाही.

पुढे हैदराबाद राज्याच्या भवितव्याचा प्रश्न आला. तीन भाषांचे हे राज्य मोडू नये, असे आरंभी पंडित नेहरूंना वाटत होते. स्वामीजी त्यांच्याच पक्षाचे. पण लोकांचा कारभार लोकांच्या भाषेत चालावयाचा असेल तर राज्याचे भाषेनुसार विभाजन झाले पाहिजे, हा आग्रह त्यांनी सोडला नाही. राज्य पुनर्रचना आयोगाने देशभर हिंडून दीड लाखाहून अधिक निवेदने स्वीकारली आणि नऊ हजारांवर लोकांच्या भेटी घेतल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य विसर्जित झाले व मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. तो निर्णयही मराठी जनतेला पुरता मानवला नाही. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रातील मतदारांनी आपला असंतोष मतपेटीतून व्यक्त केला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. नेत्यांनी घेतलेला निर्णय लोक शांततेच्या मार्गाने बदलवू शकतात, हे यावरून सिद्ध झाले.

१९५७ साली स्वामीजी औरंगाबादेतून पुन्हा लोकसभेवर गेले. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले. अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय आणि नांदेडचे विद्यापीठ आज त्यांचे नाव धारण करून आहेत. १७ सप्टेंबर हा दिवस मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो.

राज्याचे निर्णय कोणी घ्यावेत, राजकारणी पुढाऱ्यांनी की सर्वसामान्य लोकांनी? रोजच्या कारभारातील असंख्य प्रश्न प्रत्येकाला विचारून सोडविणे शक्य नाही. त्यासाठी प्रतिनिधी हवेत आणि ते अभ्यासू हवेत. परंतु प्रतिनिधी हा मालक नव्हे, तो विश्वस्त आहे. त्याने लोकांपुढे जाऊन हिशेब दिला पाहिजे. आणि लोकांनीही तो हिशेब वाचता येईल, समजून घेता येईल, असे शहाणे झाले पाहिजे. भगव्या वस्त्रांतील तो मुख्याध्यापक अंबाजोगाईच्या वर्गात मुलांना शिकवीत होता, तो त्यासाठीच.