विश्लेषण : छर्रा केवढा, पक्षी केवढा? सालिम अलींच्या बंदुकीचे गणित

डॉ. सालिम अली म्हटले की गळ्यात दुर्बीण अडकवलेली किडकिडीत मूर्ती डोळ्यासमोर येते. कोपर पश्चिमेला खाडीच्या दिशेने पक्षी पाहायला निघालेल्यांकडेही दुर्बीणच असते. पण अलींची सुरुवात बंदुकीने झाली, आणि पुढे कित्येक वर्षे बंदूक हे त्यांच्या कामाचे साधन होते.

एअरगन आणि चिमणी

जन्म मुंबईत, १२ नोव्हेंबर १८९६ चा. आईवडील लहानपणीच गेले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी सांभाळ केला. मामा शिकारीचे शौकीन, त्यामुळे भाच्याच्या हातीही एअरगन आली. १९०८ च्या सुमारास त्याने टिपलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. मामाने त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत (बीएनएचएस) मिलार्ड यांच्याकडे पाठवले. त्यांनी पक्षी ओळखलाच, शिवाय सोसायटीचा संग्रहही मुलाला उघडून दाखवला. एअरगनमधून एका वेळी एकच छर्रा सुटतो. मोठ्या बंदुकीच्या काडतुसाने तो डाग ओळखण्याइतका उरला असता का, शंकाच आहे.

नंबर मोठा, छर्रा बारीक

काडतुसात शेकडो छर्रे असतात आणि त्यांचे नंबर उलटे चालतात. अमेरिकेत टर्कीच्या शिकारीसाठी शिशाचे ४, ५ किंवा ६ नंबरचे छर्रे वापरतात. ४ नंबरचा छर्रा सुमारे ३.३ मिलिमीटरचा, एका औंसात (२८ ग्रॅम) साधारण १३५. ६ नंबरचा २.८ मिलिमीटरचा, औंसात साधारण २२५. नेम डोक्यावर आणि मानेवर धरायचा असतो. म्हणजे छर्रे भरपूर हवेत, पण आत घुसण्याइतके जडही हवेत. सगळी तुलना या ओढाताणीची आहे.

संग्रहालयासाठी पक्षी टिपणाऱ्याची गरज वेगळी. शिकाऱ्याला मांस हवे, याला अखंड कातडी आणि पिसे. म्हणून लहान पक्ष्यांसाठी धुळीसारखे बारीक छर्रे. अमेरिकी १२ नंबरचा छर्रा जेमतेम १.३ मिलिमीटरचा, औंसात दोन हजारांहून अधिक. १९३१ पासून हैदराबाद संस्थानात आणि नंतर त्रावणकोर-कोचीनमध्ये अलींनी जी सर्वेक्षणे केली, त्यांत नमुने असेच बंदुकीने जमा होत.

तवॉयची खाण

अली ऐन तारुण्यात ब्रह्मदेशातल्या तवॉयला गेले. कुटुंबाचा तिथे वुल्फ्रामच्या खाणींचा आणि लाकडाचा धंदा होता. धंदा बुडाला, जंगलाची ओळख मात्र पक्की झाली. वुल्फ्राम हे टंगस्टनचे खनिज. टर्कीच्या शिकारीत आज सर्वांत महाग काडतूस टंगस्टनचेच! शिशाची घनता ११, पोलादाची जेमतेम ८, तर या छऱ्यांची १८ च्या आसपास. त्यामुळे ९ नंबरचा, दोन मिलिमीटरचा छर्राही टर्कीला पुरतो. पोलाद स्वस्त पण हलके, म्हणून त्यात मोठा छर्रा घ्यावा लागतो. शिशाची अडचण निराळी. पाणथळीत पडलेले छर्रे बदके खड्यांसोबत गिळतात आणि विषबाधेने मरतात. अमेरिकेने १९९१ मध्ये पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसे बंद केले.

भरतपूर

१२ नोव्हेंबर १९३८ ला, योगायोगाने अलींच्या ४२ व्या वाढदिवशी, व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत भरतपूरच्या तळ्यांवर ४,२७३ पक्षी पडले. पुढे हीच पाणथळ वाचवण्यासाठी अलींनी थेट पंतप्रधान नेहरूंपर्यंत शब्द टाकला. मात्र अभ्यासासाठी पक्षी टिपण्याला त्यांनी कधी नावे ठेवली नाहीत. हौसेखातर होणारी कत्तल आणि नोंदीसह ठेवलेला नमुना यांत ते फरक करत, आणि तो फरक रास्तच होता.

१९५९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बीएनएचएसने स्थलांतरित पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे काम हाती घेतले. भरतपूर त्याचे मोठे केंद्र. पक्षी जाळ्यात धरायचा, कडी घालायची, सोडून द्यायचा. पुढे यांतल्या कित्येक कड्या सोव्हिएत संघातून परत आल्या आणि बदके कुठे जातात ते कळले. त्यांतल्या बऱ्याच कड्या तिथल्या शिकाऱ्यांनी टिपलेल्या बदकांच्या पायांतल्या होत्या.