परसातला टोमॅटो आणि डॉ. कार्व्हर



परदेशी असूनही मराठी घरांत आपल्या माणसासारखी ओळखीची झालेली जी थोडी नावे आहेत, त्यांत डॉ. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे एक होय. १९८१ साली श्रीमती वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि शाळकरी मुलांपासून निवृत्त शिक्षकांपर्यंत असंख्य वाचकांनी ते मनापासून वाचले. कार्व्हर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भुईमूग उभा राहतो. परंतु या लेखात आपल्यापुढे ठेवायचे आहेत ते टोमॅटोचे कार्व्हर. गरिबाच्या दारापुढील चार हात जागेचा विचार करणारे, मातीला प्रार्थनेइतकेच गंभीरपणे घेणारे कार्व्हर.

अमेरिकेतील मिझुरी राज्यात डायमंड ग्रोव्ह या खेड्याजवळ मोझेस कार्व्हर नावाच्या शेतकऱ्याचा मळा होता. त्या मळ्यावरील मेरी या गुलाम स्त्रीच्या पोटी जॉर्जचा जन्म झाला. गुलामाच्या मुलाची जन्मतारीख कोण टिपून ठेवणार? १८६४ च्या सुमारास, एवढेच सांगता येते. बाळ अंगावर असतानाच दरोडेखोरांनी मायलेकरांना पळवून नेले. मोझेसने माग काढण्यास माणूस पाठविला. बाळ तेवढे परत मिळाले, आणि त्याच्या मोबदल्यात एक घोडा द्यावा लागला असे सांगतात. आई मात्र पुन्हा कधीच दिसली नाही.

मोझेस आणि त्याची पत्नी सुझन यांनी जॉर्जला व त्याच्या भावाला वाढविले. जॉर्ज सदा आजारी. शेतातील जड कामे त्याच्याने होत नसत. म्हणून तो सुझनच्या हाताखाली स्वयंपाक, धुणे, शिवणटिपण शिकला आणि उरलेला वेळ रानात घालवू लागला. झाडीत त्याने स्वतःची एक लहानशी गुप्त बाग केली होती. कोमेजलेली रोपे शेजारणी त्याच्याकडे आणीत आणि हा मुलगा त्यांना ऊन, सावली, माती बदलून जगवी. रोपांचा वैद्य म्हणून पंचक्रोशीत त्याचे नाव झाले. वाचकहो, हे ध्यानात घ्या, की त्याच्या अंगची दुर्बलता हीच त्याच्या ज्ञानाची पहिली शाळा झाली.

गावातील शाळेत काळ्या मुलांना प्रवेश नव्हता. म्हणून शिक्षणासाठी तो पायी निओशो गावी गेला. तेथे मरायाह वॉटकिन्स नावाच्या सुईणीने त्याला आसरा दिला व पवित्र शास्त्राची एक प्रत दिली. ती प्रत त्याने आयुष्यभर जपली, असे त्याचे चरित्रकार नमूद करतात. पुढे कॅन्सस राज्यात कपडे धुऊन, स्वयंपाक करून त्याने शालेय शिक्षण पूर्ण केले. १८८५ साली हायलंड येथील महाविद्यालयाने पत्राने प्रवेश कळविला. मात्र तो प्रत्यक्ष जाऊन उभा राहताच त्याच्या त्वचेचा रंग पाहून दार बंद झाले. दुसरा एखादा तेथेच मोडून पडला असता. हा तरुण वैराण माळावर मातीचे घर बांधून शेती करीत राहिला आणि पाच वर्षांनी, १८९० मध्ये, आयोवातील सिम्प्सन महाविद्यालयात चित्रकलेचा विद्यार्थी म्हणून दाखल झाला.

त्याची फुलापानांची चित्रे पाहून एटा बड या शिक्षिकेने त्याला शेतकी महाविद्यालयाची वाट दाखविली. आयोवाच्या त्या महाविद्यालयातील तो पहिला काळा विद्यार्थी. १८९४ साली तो पदवीधर झाला, १८९६ साली पदव्युत्तर पदवी मिळाली, आणि मधल्या काळात तेथेच तो अध्यापकही झाला. प्रयोगशाळा, पगार, मान, सारे हाताशी होते. नेमक्या त्याच वर्षी अलाबामातील टस्कीगी संस्थेचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांचे बोलावणे आले. कार्व्हर गेले, आणि मरेपर्यंत, म्हणजे सत्तेचाळीस वर्षे, तेथेच राहिले.

तेथे त्यांना काय मिळाले? झिजलेली जमीन आणि रिकामी खोली. कचऱ्यातून विद्यार्थ्यांनी वेचून आणलेल्या बाटल्या, बरण्या व भांडी यांतून पहिली प्रयोगशाळा उभी राहिली. संशोधन केंद्रासाठी राज्याकडून वर्षाला १,५०० डॉलर मिळत. सभोवती कापूस आणि फक्त कापूस. पिढ्यान्पिढ्या एकच पीक घेऊन मातीतील सत्त्व निघून गेले होते. गुलामगिरी कायद्याने संपली होती, पण वाट्याने शेती करणारा काळा शेतकरी सावकाराच्या वहीत जखडलेलाच होता. कापूस थेट दाराच्या उंबऱ्यापर्यंत पेरलेला; भाजीला वाफा म्हणून नाही. जेवणात मक्याचे पीठ, खारवलेल्या डुकराची चरबी आणि काकवी. अशा निकस आहारातून पेलाग्रा नावाचा भयंकर रोग फोफावला. तो रोग संसर्गाचा नसून आहाराचा आहे, हे डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१५ च्या सुमारास सिद्ध केले.

कार्व्हर यांनी या दुखण्याच्या मुळाला हात घातला. चवळी, भुईमूग यांसारख्या कडधान्य वर्गातील पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जीवाणू हवेतील नत्र जमिनीत साठवितात. म्हणून ती पिके आलटून पालटून घ्या, असे त्यांनी शिकविले. विकतचे खत परवडत नसेल तर रानातील पालापाचोळा, दलदलीतील काळा गाळ व गोठ्यातील शेण कुजवून वापरा, असे सांगितले. शेतकरी शाळेत येऊ शकत नाही, तर शाळेनेच त्याच्या दारी जावे, म्हणून १९०६ साली जेसप या दानशूर गृहस्थाच्या मदतीने अवजारे व नमुने लादलेली घोडागाडी खेडोपाडी फिरू लागली.

आणि त्यांनी पुस्तिका लिहिल्या. अल्पशिक्षित माणसाला समजेल अशा सोप्या भाषेतील चाळीसहून अधिक पुस्तिका. त्यांतील छत्तिसावी टोमॅटोची, १९१८ सालची. टोमॅटो कसा लावावा हे तीत सांगितले आहेच, पण पुढे तो खाण्याच्या एकशे पंधरा कृती दिल्या आहेत. वाचकहो, या आकड्यामागची करुणा ओळखावी. पीक भरपूर आले आणि घेणारा नसला, तर शेतकरी हताश होतो, हे कार्व्हर यांनी जवळून पाहिले होते. म्हणून कसे पिकवावे एवढे शिकवून ते थांबले नाहीत. पिकलेले वाया कसे जाऊ देऊ नये, हेही त्यांनी घरच्या गृहिणीला शिकविले.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. छत्तीसगडमध्ये भिलाईलगतच्या चरोद्याचे नाव रेल्वेच्या विस्तीर्ण मालगाडी यार्डामुळे ठाऊक असते. तेथील बोलीत टोमॅटोला पताल म्हणतात, आणि पतालाची चटणी गरिबाच्या भाकरी-भाताची सोबतीण असते. याच दुर्ग जिल्ह्यातील धमधा भागात टोमॅटो अमाप पिकतो, आणि भाव कोसळला की तोच टोमॅटो तोडणीची मजुरी निघत नाही म्हणून शेतात सोडून द्यावा लागतो. छत्तीसगडी माणूस घरामागच्या भाजीच्या जागेला बाडी आणि शेणकचऱ्याच्या खड्ड्याला घुरवा म्हणतो. कार्व्हर यांनी अलाबामात जे सांगितले, ते जणू याच दोन शब्दांत मावते.

आपण चरोद्यात राहत असा, नागपुरात वा वसईत, कार्व्हर यांची शिकवण आपल्या अंगणात किंवा गच्चीत आणता येईल. त्यासाठी गोड लहान टोमॅटो, ज्याला आज चेरी टोमॅटो म्हणतात, तो उत्तम. फळ बोराएवढे, पण साखरेचे प्रमाण मोठ्या टोमॅटोपेक्षा अधिक. एकेका घोसात दहा-वीस फळे. पाऊस ओसरू लागला की, ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर या काळात, बी रुजवावे. चार आठवड्यांत रोप लावणीस येते. भाटा, म्हणजे मुरमाड लाल जमीन असेल तर हातभर खोल खणून त्यात कुजलेले शेणखत घालावे. जागा नसेल तर फूटभर रुंद व खोल कुंडी पुरते. रोप लावताना खालची पाने काढून खोडाचा काही भाग मातीत पुरावा, कारण पुरलेल्या खोडालाही मुळे फुटतात. दोन रोपांत दोन फूट अंतर ठेवावे. दिवसाकाठी सहा तास ऊन हवेच. वेल पुरुषभर उंच वाढतो, म्हणून सुरुवातीलाच काठी रोवावी व पानांच्या बेचक्यातील फुटवे खुडावेत.

पाणी नेमाने द्यावे. आज कोरडे आणि उद्या तुडुंब असे झाले की फळे तडकतात. बुंध्याशी पाचोळ्याचे आच्छादन घातल्यास ओल टिकते. फळे रंगू लागली की पाणी थोडे कमी करावे, त्याने गोडी वाढते. आणि फळ वेलावरच पुरते लाल होऊ द्यावे. जेथे वांगी, मिरची किंवा बटाटा नुकताच घेतला असेल, तेथे टोमॅटो लावू नये. ही सारी एकाच कुळातील, आणि मर रोग मातीतून एकाकडून दुसऱ्याकडे जातो. एप्रिलचे ऊन तापून दिवसाचे तापमान पस्तीस अंशांपुढे गेले व रात्रीही उकाडा राहिला की फुले गळतात. त्यात आपला दोष नसतो. त्या वेळी वाफ्यात चवळी टाकावी व मातीला विसावा द्यावा. हाच कार्व्हर यांचा धडा.

आता त्यांच्या आयुष्याकडे पुन्हा वळू. १९२१ साली भुईमुगावरील जकातीसंबंधी अमेरिकन संसदेच्या समितीपुढे त्यांना बोलावण्यात आले. प्रथम दहा मिनिटे दिलेली. काही सभासद थट्टेच्या सुरात होते. परंतु डब्यातून एकेक पदार्थ बाहेर निघू लागला, तशी समितीने वेळेची मर्यादाच उठविली. त्याच प्रसंगी त्यांनी उत्पत्तीच्या पुस्तकातील, देवाने मनुष्यास बीज देणारी वनस्पती अन्न म्हणून दिल्याच्या वचनाचा निर्देश केला. त्यांची श्रद्धा दिखाऊ नव्हती. पहाटे उठून रानात एकटे फिरावे, सृष्टिकर्त्याशी बोलावे आणि मग प्रयोगशाळेत जावे, हा त्यांचा नेम होता. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी सुरू केलेला शास्त्राभ्यासाचा वर्ग सुमारे तीस वर्षे चालला.

भारताशीही त्यांचा धागा जुळला होता. १९२९ साली दीनबंधू सी. एफ. अँड्र्यूज टस्कीगीला गेले. त्यांच्यामुळे कार्व्हर व महात्मा गांधी यांचा पत्रव्यवहार झाला आणि कार्व्हर यांनी गांधीजींसाठी शाकाहाराविषयी सूचना व आपल्या पुस्तिका पाठविल्या.

त्यांच्या नावाभोवती पुष्कळ दंतकथा वाढल्या, आणि सत्याचा आदर म्हणून त्या बाजूस सारल्या पाहिजेत. शेंगदाण्याच्या लोण्याचा शोध त्यांनी लावला नाही. त्यांनी भुईमुगापासून तयार केलेल्या शेकडो पदार्थांपैकी फार थोडे बाजारात टिकले. त्यांनी पेटंटे घेतली ती केवळ तीन. संस्थेचा कोंबड्यांचा विभाग व हिशेब यांवरून वरिष्ठांशी त्यांचे खटके उडत, आणि राजीनाम्याची भाषाही त्यांनी केली होती. मग त्यांचे मोठेपण कशात? माझ्या मते ते या ठिकाणी आहे: ज्याच्यापाशी काही नाही अशा माणसाच्या दाराशी जे आहे, त्याच्याकडे त्यांनी आदराने पाहिले. पालापाचोळा, गाळ, रानभाजी, टाकलेली बाटली, यांतले काहीच त्यांना क्षुद्र वाटले नाही. कारण त्यांना स्वतःला एकेकाळी एका घोड्याच्या मोलाने तोलले गेले होते.

ते अविवाहित राहिले. पगारवाढीचा आग्रह त्यांनी कधी धरला नाही. साठविलेले सुमारे साठ हजार डॉलर त्यांनी संशोधनासाठी संस्थेला दिले. १९४२ साली, महायुद्धाच्या टंचाईत, रानात आपोआप उगवणाऱ्या खाण्याजोग्या वनस्पतींवर त्यांनी पुस्तिका काढली. ५ जानेवारी १९४३ रोजी त्यांनी देह ठेवला. टस्कीगीतच बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या शेजारी त्यांची कबर आहे. त्याच वर्षी त्यांच्या जन्मस्थळाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. काळ्या अमेरिकन माणसाच्या नावाचे ते पहिले राष्ट्रीय स्मारक होय.

तेव्हा वाचकहो, येत्या भाद्रपदात चार बिया रुजवा. घरातील मुलांच्या हाती पाण्याचा तांब्या द्या आणि त्यांना या माळ्याची गोष्ट सांगा. पहिला घोस पिकला की त्यातील निम्मा शेजारच्या घरी पाठवा. आणि पीक अधिक आले, तर चटणी, सार व लोणचे करून ठेवा, पण फेकू नका. डॉ. कार्व्हर यांचे स्मरण याहून चांगल्या रीतीने करता येईल असे वाटत नाही.