नागपुरातून रात्रीची टपाल विमानं सुरू झाली, पण जेआरडी टाटांचा त्याला विरोध होता

जेआरडी टाटा म्हटलं की आठवतं ते भारतातलं पायलटचं पहिलं लायसन्स. १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना ते मिळालं, नंबर होता १. पण लायसन्स असतं माणसाचं. विमानाला वेगळा कागद लागतो, तो म्हणजे ते उडण्यालायक असल्याचा दाखला. जेआरडींचं अख्खं आयुष्य या दोन कागदांच्या मधे गेलं, असं म्हणायला हरकत नाही.

जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसचा. १९३० मध्ये आगा खान यांनी भारत ते इंग्लंड एकट्याने उडण्याची शर्यत लावली. जेआरडी कराचीहून निघाले, तर १७ वर्षांचा अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून उलट्या दिशेने. इजिप्तमधल्या अबूकीरला दोघांची गाठ पडली. अस्पीचं विमान स्पार्क प्लगसाठी अडलं होतं. जेआरडींनी आपल्याकडचे जादा प्लग काढून दिले. अस्पी निघाला आणि थोडक्यात शर्यत जिंकला. हाच अस्पी पुढे भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

शर्यत हरली, पण एक गोष्ट उघड होती. छोट्या विमानात पायलट कितीही तयार असो, एका प्लगवर सगळं अडतं.

१५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी एक इंजिनाचं पुस मॉथ घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला आले. सोबत टपाल होतं. जुहूची धावपट्टी म्हणजे कच्चं मैदान. पावसाळ्यात तिथे पाणी साचायचं, म्हणून बस्तान पुण्याला हलायचं. तरीही पहिल्या वर्षात कंपनीची विमानं १ लाख ६० हजार मैल उडाली. देखभाल चोख असल्याशिवाय हे जमत नाही.

पुढे १९३४ चा विमान कायदा आणि १९३७ चे नियम आले. ठरावीक तास उडालं की तपासणी आणि लायसन्स असलेल्या इंजिनिअरची सही, ही शिस्त कायद्याचा भाग झाली. विमान दोन सीटचं असो की शंभर सीटचं, मालकाच्या मनात आलं म्हणून ते उडत नाही.

आता येऊ नागपूरकडे. स्वातंत्र्यानंतर मंत्री रफी अहमद किडवई यांनी रात्रीच्या हवाई टपालाची योजना आणली. जानेवारी १९४९ मध्ये ती सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरला जमायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतायची. देशाच्या मधोमध असण्याचा नागपूरला झालेला हा फायदा.

जेआरडी मात्र विरोधात होते. रात्री उतरण्याच्या पुरेशा सोयी नसताना विमानं पाठवणं त्यांना पटत नव्हतं. सरकारने ऐकलं नाही. दुसऱ्या कंपन्यांनी काम घेतलं आणि सेवा लोकांच्या पसंतीसही उतरली.

१२ डिसेंबर १९५३ ला टपालाचं एक डाकोटा नागपूरहून उडालं आणि लगेच कोसळलं. १३ जण गेले, त्यात कामगार नेते हरिहरनाथ शास्त्री होते. वाचला फक्त पायलट. या अपघाताचं खापर एकट्या अंधारावर फोडता येणार नाही. पण जेआरडी ज्या जोखमीबद्दल बोलत होते तिची किंमत काय असते, हे नागपूरने पाहिलं.

त्याच वर्षी विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं. जेआरडी १९७८ पर्यंत एअर इंडियाचे अध्यक्ष राहिले. प्रवासात काउंटरवरची धूळसुद्धा ते टिपून ठेवायचे. १९८२ मध्ये ७८ व्या वर्षी जुन्या लेपर्ड मॉथमधून त्यांनी कराची ते मुंबई पुन्हा उड्डाण केलं. २९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हात त्यांचं निधन झालं.

आज नागपूरच्या मिहानमध्ये मोठ्या विमानांच्या देखभालीचं केंद्र आहे. तिथे आलेलं विमानही तपासणी होऊन सही पडल्याशिवाय प्रवासी घेऊन निघत नाही.