सर्पगंधा आणि डॉ. रुस्तुम वकील

सह्याद्रीच्या ओलसर जंगलात वाढणारी सर्पगंधा वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. झोप उडालेल्या, वेडाच्या भरात असलेल्या माणसाला तिच्या मुळाची पूड देत. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवरचा तिचा उपयोग लिहून ठेवला. परदेशात त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. ती घ्यायला लावली मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी.

वकिलांचा जन्म १९११ चा. लंडनला शिकून ते परतले आणि मुंबईत के. ई. एम. रुग्णालयात हृदयरोगाचे काम करू लागले. रक्तदाबावर भरवशाची गोळी तेव्हा नव्हतीच. मीठ तोडा, विश्रांती घ्या, झोपेचे औषध घ्या, एवढ्यावर भागत असे. वकिलांनी सर्पगंधा रुग्णांना देऊन पाहिली आणि ५० जणांच्या नोंदी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापल्या. ५० हा आकडा आज लहान वाटेल. पण औषधाने गुण येतो असे ऐकिवात असणे वेगळे आणि आधीचा व नंतरचा रक्तदाब मोजून कागदावर शेजारी शेजारी मांडणे वेगळे. आपल्याकडे दुसऱ्याचाच दुष्काळ होता.

हा लेख वाचून बोस्टनचे डॉ. विल्किन्स कामाला लागले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने मुळातून रेसर्पीन वेगळे काढले. न्यूयॉर्क राज्यातल्या मनोरुग्णालयात डॉ. नेथन क्लाइन यांनी ते वापरले आणि कोंडून ठेवावे लागणारे काही रुग्ण शांत झाले. १९५७ च्या लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत क्लाइन यांच्याबरोबर वकीलही होते. पुढच्या वर्षी पद्मभूषण मिळाले.

याच औषधाची दुसरी बाजूही लवकरच दिसली. मेंदूतल्या पेशींमधला सेरोटोनिन, नॉरअॅड्रेनॅलिन आणि डोपामिनचा साठा ते रिकामा करते. रक्तदाबासाठी गोळी घेणारे काही जण उदास होऊ लागले. हे प्रमाण सुरुवातीला वाटले तेवढे मोठे होते का, यावर नंतर वाद झाला; मात्र नैराश्याचे रसायन शोधण्याची वाट त्यातूनच निघाली.

त्यात दारूची भर पडली की गणित बिघडते. रेसर्पीनने गुंगी येते, दाब उतरतो. दारूही तेच करते. दोन्ही एकत्र आल्यावर माणूस उठताना भोवंडून पडू शकतो. डायझेपामसारख्या आजच्या गोळ्यांबाबत धोका याहून मोठा. ही गोळी आणि दारू मेंदूतला एकच ब्रेक दाबतात, आणि मात्रा चढली की श्वास मंदावतो. गोळी सकाळी, दारू रात्री, म्हणजे चालेल, असा हिशेब पुष्कळ जण करतात. तो साफ चुकीचा आहे, कारण डायझेपामचा अंश शरीरात कित्येक दिवस राहतो. अशी गोळी आणि दारू दोन्ही चालू असतील, तर घाबरून गोळी एकाएकी सोडू नये, झटके येऊ शकतात. डॉक्टरांना दारूचे खरे प्रमाण सांगावे.

डॉ. वकील १९७४ मध्ये वारले. तोवर मनोविकारांसाठी रेसर्पीनची जागा नव्या औषधांनी घेतली होती. रक्तदाबासाठी मात्र, कमी मात्रेत आणि लघवी वाढवणाऱ्या औषधाच्या जोडीने, ते पुढेही बरीच वर्षे दिले जात राहिले.